मसुदे वाचण्याचा व्यवसाय
(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



माहेरच्या मंडळाने भाषणाला बोलवावे, यापरता मान नाही. आभार मानते आणि लगेच मुद्द्यावर येते. पुढे हळदीकुंकू आहे आणि घरी सर्वांचे स्वयंपाक खोळंबले आहेत.

आमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘इंटरनेट-धोरण सल्लागार व लेखिका’ असे छापले आहे. ते वाचून एका काकूंनी मला दारातच विचारले, “म्हणजे पोरी, तू मोबाईल दुरुस्त करतेस का?” प्रश्न रास्त आहे, पण मोबाईल मला उघडतासुद्धा येत नाही. इंटरनेटसंबंधी एखादा नियम व्हायचा असला, की पुष्कळदा आधी त्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि ठराविक मुदतीत लोकांच्या हरकती व सूचना मागवतात. तो मसुदा ओळ न् ओळ वाचायचा, कोणत्या शब्दाने कोणाचे काय जाईल ते हेरायचे, आणि ज्या संस्थेने काम दिले तिला अगर वर्तमानपत्राच्या वाचकाला ते सरळ भाषेत लिहून द्यायचे, एवढेच माझे काम. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी कोणी शहाणे माणूस तो वाचून दाखवी ना, तसलेच समजा.

मी इंजिनिअर नाही, वकीलही नाही. मराठी आणि अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाले आणि पुण्यास एका नियतकालिकात मुद्रिते तपासू लागले. चुकीचा स्वल्पविराम सापडल्यावाचून झोप येऊ नये, हा रोग तेथे जडला. त्यावरच पुढे पोट भरले.

ह्या कामाची ओढ लागली ती 2015 साली. त्या वर्षी 27 मार्चला दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, 118 पानांचा एक चर्चापत्र काढला. त्यात वीस प्रश्न, आणि भाषा अशी की इंग्रजी शिकलेल्यानेही कपाळाला हात लावावा. प्रश्नाचे मूळ मात्र सोपे होते. फोन कंपनीने एका संकेतस्थळासाठी एक दर आणि दुसऱ्यासाठी दुसरा दर लावावा काय? काही स्थळे फुकट दाखवावीत काय?

समजा, उद्या आपल्या धामणगावाहून मलकापूरला जाणारी एस. टी. कोणी फुकट केली. अट एकच: ती एकाच दुकानासमोर थांबेल, बाकीच्या बाजारात उतरायचे तर तिकीट काढा. पहिल्या दिवशी आपण खूष होऊ. वर्षभरात इतर दुकाने बसतील, आणि मग उरलेला दुकानदार म्हणेल तो भाव. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही योजना ह्याच जातीची होती. “गरिबाला थोडे तरी फुकट मिळते आहे, तुमच्या का पोटात दुखते?” असे तिच्या बाजूचे लोक विचारीत. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात रिचार्जला पैसे नाहीत तेथे जाऊन त्याचे उत्तर देणे मला आजही जड जाते. तरीही मी विरोधाच्याच बाजूची, कारण बाजार एकदा मोडला की तो पुन्हा बसवता येत नाही.

‘मीडियानामा’चे निखिल पाहवा हे पत्रकार, अपार गुप्ता यांच्यासारखे वकील आणि कित्येक स्वयंसेवक यांनी त्या वीस प्रश्नांची उत्तरे सोपी करून लोकांपुढे ठेवली. विनोदी नटांच्या एका मंडळीने त्यावर चित्रफीत काढली, ती घरोघर पाहिली गेली. दहा लाखांहून अधिक ई-पत्रे ट्रायकडे गेली! (गंमत अशी की ती प्रसिद्ध करताना पाठवणाऱ्यांचे ई-पत्तेही जगजाहीर झाले. खाजगीपणा म्हणजे काय, हे लोकांना तेव्हा न शिकवता कळले.) शेवटी 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने असे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. धोरणावर लिहिल्याने काही होते, हे मी त्या दिवशी मानले.

सगळीच कामे अशी आनंदाची नसतात. पालघरच्या दोन मुलींना 2012 साली फेसबुकवरील एका मजकुरावरून अटक झाली; एकीने तो लिहिला, दुसरीने नुसता पसंत केला. ज्या 66-अ कलमाचा तेव्हा आधार घेतला, ते श्रेया सिंघल यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केले. कायद्यातला एक ढिसाळ शब्द मुलीला कोठडीपर्यंत नेतो, तो असा.

आता आपल्या घरातले सांगते. 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या इंग्रजी मजकुरात व्यक्तीचा उल्लेख ‘ती’ असा केला आहे, आणि त्यात पुरुषही आले असे समजावे, म्हणून व्याख्येत सांगितले आहे. आजवर ‘तो’ म्हटले की त्यात आपण आलो असे समजावे लागे. आता पुरुषांनी ‘ती’मध्ये मावून घ्यावे! ह्याने पोट भरत नाही, हे मला कळते; पण वाचताना बरे वाटले, हे लपवीत नाही. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, माहिती घेण्यापूर्वी द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय तो कायदा मागतो. मराठी त्यात आहे.

ह्या कायद्याखालील नियमांचा मसुदा 3 जानेवारी 2025 ला निघाला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास आईबापांची पडताळून घेतलेली संमती हवी, असे त्यात होते. वाचता वाचता मला आमच्याच घरची आठवण झाली. आईचा मोबाईल वडिलांच्या नावावर आणि ओटीपी येतो तो भावाच्या फोनवर. मग अशा घरी आईची संमती कोण पडताळणार, आणि ती खरोखर कोणाची असणार? ही हरकत मी लिहून पाठवली. 2025 च्या नोव्हेंबरात नियम प्रसिद्ध झाले आणि त्यातील बहुतेक जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात मला सापडले नाही. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी ज्यांनी ओटीपीची वाट पाहिली, त्यांना तो प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको.

“पैसे कोण देते?” हे मंडळाच्या चिटणीसबाईंनी मघाशी हळूच विचारले, ते मोठ्याने सांगते. काही कामे संस्था देतात, काही लेखांचे मानधन येते, मोठ्या कंपन्याही ह्या व्यवसायात सल्लागार नेमतात आणि पुष्कळ अधिक देतात. ज्या मसुद्यावर मी वर्तमानपत्रात लिहिते, त्यावर कंपनीचे काम घेत नाही. त्यामुळे वर्षातले दोन-तीन महिने ओढग्रस्तीचे जातात. मुलींना ह्या वाटेने यायचे असेल तर हे आधी ठाऊक असावे. पदवी कोणतीही चालेल. कंटाळा न करता वाचता यावे.

मी परवापर्यंत येथेच आहे. ज्यांच्या फोनवर कसली संमती मागणारा मजकूर आला असेल, किंवा कोणी अंगठा घेऊन पावती दिली नसेल, त्यांनी उद्या सकाळी दहा वाजता फोन आणि कागद घेऊन मंडळाच्या खोलीत यावे. आपण बसून वाचू, आणि तुमची परवानगी असेल तर नावे गाळून मी ते लिहून घेईन; पुढचा मसुदा निघेल तेव्हा त्याचा उपयोग होईल.