प्लेटशिवाय छपाई

२००८ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या ‘द्रुपा’ मुद्रण-प्रदर्शनात वेगवान इंकजेट यंत्रे ठळकपणे पुढे आली आणि छपाईचा हिशेब बदलू लागला. नेहमीच्या ऑफसेट छपाईत रंगीत कामासाठी साधारणपणे चार प्लेटा कराव्या लागतात; त्या चढवून रंग जुळेपर्यंत बराच कागद वाया जातो. हा सुरुवातीचा खर्च १०० प्रतींना जेवढा, तेवढाच लाखाला. म्हणून गरजेपेक्षा जास्त प्रती छापायच्या आणि उरलेल्या गोदामात ठेवायच्या, ही प्रकाशकाची सक्ती होती. इंकजेटमध्ये प्लेटच नाही. शाईचे अतिसूक्ष्म थेंब वेगाने धावणाऱ्या कागदावर थेट पडतात, आणि प्रत्येक पान आधीच्यापेक्षा वेगळे असू शकते. त्यामुळे ३०० प्रतींची मराठी आवृत्ती किंवा दुर्मीळ ग्रंथाचे मागणीपुरते पुनर्मुद्रण आवाक्यात येते. माझ्या मते या तंत्राचे खरे मोल वेगाहून अधिक इथेच आहे.

शाई महाग पडते, हा आक्षेप खरा आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांसारखे लाखोंचे काम ऑफसेटवरच स्वस्त पडते. पण न खपलेली प्रत हाही खर्चच, आणि दर प्रतीच्या भावात तो दिसत नाही. शिवाय गुळगुळीत कागदावर इंकजेटची पाण्यावर आधारित शाई नीट बसत नाही. आधी लेप द्यावा लागतो, नंतर सुकवायला वीज लागते. मला अधिक गंभीर वाटते ती रद्दीची अडचण: पुनर्वापराच्या वेळी ही शाई कागदातून काढणे कठीण जाते. जादा प्रती न छापल्याने वाचलेला कागद बराच असला, तरी त्या सबबीखाली शाई-उत्पादकांनी हा प्रश्न मागे टाकता कामा नये.