पडता ते डेटा : व्यापारी धोरणात आकड्यांचे स्थान
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘डेटा ॲनालिटिक्स’ हे नाव इंग्रजी असले तरी विषय परका नाही. विक्री, साठा, उधारी आणि गिऱ्हाईक यांच्याविषयी जमलेली माहिती तपासून तिच्या आधारे पुढचा निर्णय घेणे, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या कंपनीत खरेदी, विक्री, पैसा आणि माणसे या सर्वांचा एकत्रित विचार जनरल मॅनेजर करतो. लहान पेढीत ते काम गादीवर बसलेल्या मालकाचेच असते. म्हणून हा विषय संगणक तज्ज्ञांचा नसून मालकाचा आहे.

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर येथील व्यापाऱ्याची स्पर्धा आज केवळ शेजारच्या दुकानाशी राहिलेली नाही. मोबाईलवरून माल विकणाऱ्या कंपन्या गिऱ्हाइकाने काय पाहिले, काय घेतले आणि काय परत केले याची नोंद ठेवतात. स्थानिक दुकानातही बिलांच्या रूपाने अशीच माहिती वर्षानुवर्षे जमते. परंतु ती कर भरण्यापुरती उपयोगात येते आणि नंतर माळ्यावर जाते. मुलाने वडिलांची पेढी चालवावी की नोकरी धरावी, हा प्रश्न आज अनेक घरांत उभा आहे. पेढीतील भांडवल नेमके कोठे अडकले आहे हे ठाऊक नसेल, तर त्या प्रश्नाचा विचार तरी कशाच्या आधारे करणार?

आकड्यांवर धंदा चालविण्याची परंपरा येथील मातीतीलच आहे. दिवसाचा खर्च आणि उत्पन्न मांडून नफ्याचा अंदाज त्याच दिवशी काढावयाचा आणि तो ठरविलेल्या नफ्याशी ताडून पाहावयाचा, ही ‘पडता’ पद्धत मारवाडी पेढ्यांतून आली आणि बिर्ला उद्योगसमूहाच्या कारखान्यांत रुजली. जवळच्या शहाड येथील सेंच्युरी रेयॉन ही गिरणी याच बिर्ला परिवाराच्या उद्योगांपैकी आहे. वार्षिक ताळेबंद घडून गेलेले सांगतो. पडता मात्र अजून सुधारता येईल अशा वेळी सांगतो. आजच्या डेटा ॲनालिटिक्सचे मर्म यापेक्षा निराळे नाही.

बदलले आहे ते माहितीचे प्रमाण आणि ती मिळविण्याचा खर्च. ब्रिटनमधील टेस्को या दुकानसाखळीने १९९५ साली देशभर ‘क्लबकार्ड’ सुरू केले. सवलतीच्या मोबदल्यात कोणते कुटुंब काय खरेदी करते हे तिला कळू लागले. त्या काळी अशी व्यवस्था मोठ्या कंपनीलाच परवडत असे. भारतात २०१६ साली यूपीआय आले, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि संगणकीय बिल लहान दुकानातही रुळले. माहिती आता दुकानात आयतीच जमते. उणीव असते ती प्रश्नाची.

अंबरनाथ पश्चिमेतील एखाद्या कापड व्यापाऱ्याला दुसरे दुकान काढावयाचे आहे, असे समजू. २००१ ते २०११ या दोन जनगणनांच्या दरम्यान उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ४ लाख ७३ हजारांवरून ५ लाख ६ हजारांवर गेली, अंबरनाथची सुमारे २ लाख ४ हजारांवरून २ लाख ५३ हजारांवर, तर बदलापूरची सुमारे ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर. म्हणजे बदलापूर दहा वर्षांत जवळजवळ पावणेदोन पट झाले. दुकान बदलापुरातच काढावे, असे हे आकडे पाहून कोणीही म्हणेल.

पण येथेच थांबावयास हवे. हे आकडे २०११ चे आहेत आणि २०२१ साली अपेक्षित असलेली जनगणना त्या वर्षी झाली नाही. शिवाय लोकसंख्या म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. व्यापाऱ्याने स्वतःची बिले काढून बदलापूरची किती कुटुंबे आजच अंबरनाथच्या दुकानात येतात ते पाहावे. ती मोठ्या संख्येने येत असतील, तर नव्या दुकानाने विक्री वाढण्याऐवजी केवळ दोन ठिकाणी विभागली जाईल आणि भाडे मात्र दुप्पट होईल. सरकारी आकडा दिशा दाखवितो. निर्णयाची खात्री स्वतःच्या बिलातून होते.

दुसरा प्रश्न साठ्याचा. एका मालावर शंभर रुपये गुंतविले असता पंचवीस रुपये सुटतात, पण तो वर्षातून दोनदाच फिरतो. दुसऱ्यावर बाराच सुटतात, पण तो सहा वेळा फिरतो. पहिल्या मालाने वर्षाला पन्नास रुपये दिले, दुसऱ्याने बहात्तर. केवळ नफ्याची टक्केवारी पाहणारा मालक पहिल्या मालाने कपाटे भरील. प्रत्येक तागा किती दिवस पडून आहे, हा एक रकाना संगणकावर नियमाने पाहिला, तरी ही चूक टळते.

आकडे फसवितातही. २०२३ ची दिवाळी नोव्हेंबरच्या मध्याला आली, तर २०२५ ची ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेच्या आसपास. या दोन वर्षांचे ऑक्टोबर महिने संगणकाने शेजारी मांडले, तर विक्री एकदम वाढल्याचा भास होईल. वाढलेली असते ती केवळ दिवाळीची घाई. पूर्वी दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन करून संवताप्रमाणे हिशेब ठेवणाऱ्या पेढ्यांत सणाची तुलना आपोआप सणाशी होत असे. १९८९-९० या कर-निर्धारण वर्षापासून आयकरासाठी एप्रिल-मार्च हे वर्ष सर्वांना सक्तीचे झाले. ते करासाठी योग्यच आहे. पण सणाची आणि लग्नसराईची तुलना तिथी व मुहूर्त पाहूनच करावी.

आणखी एक मोठी त्रुटी अशी की, बिलात विकला गेलेला मालच दिसतो. जे गिऱ्हाईक हवा तो रंग किंवा पन्हा न मिळाल्याने परत गेले, त्याची नोंद कोठेच होत नाही. मग ज्याची मागणी होती पण साठा नव्हता, तो माल ‘चालत नाही’ असे संगणक खुशाल दाखवितो. यासाठी गल्ल्याजवळ एक साधी वही ठेवावी आणि प्रत्येक ‘नाही’ तीत लिहून ठेवण्याची सवय नोकरांना लावावी. या वहीतील माहिती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये विकत मिळत नाही.

एक कर्तव्यही येथे येते. गिऱ्हाइकाचा मोबाईल क्रमांक ही त्याची ठेव आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. ज्या कामासाठी क्रमांक घेतला त्याच कामासाठी तो वापरावा, हा त्याचा गाभा. पेढीचा विश्वास जपणाऱ्याला ही गोष्ट नवी नाही.

सारांश, संगणक चालविण्याचे काम मुलाकडे किंवा मुनिमाकडे देता येईल. प्रश्न विचारण्याचे काम मालकाला दुसऱ्याकडे सोपविता येणार नाही. प्रत्येक महिन्यात एकच प्रश्न ठरवावा, त्याचे उत्तर आकड्यांत शोधावे, त्यावर लहानसा बदल करावा आणि पुढच्या महिन्यात परिणाम तपासावा. ज्या पेढीत हे काम वडील आणि मुलगा एकत्र बसून करतील, तेथे वडिलांचा अनुभव मुलाच्या हाती येईल आणि मुलाचे शिक्षण पेढीच्या कामी येईल.