दिवाळीनंतरचा जमाखर्च
(संघाच्या स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दिवाळी उलटून महिना होत आला. पणत्या धुऊन माळ्यावर गेल्या, फराळाचे डबे रिकामे झाले आणि आता घरोघरी तो हिशेब उघडला जात असेल, ज्याविषयी चारचौघांत बोलण्याची आपल्यात पद्धत नाही. चिटणिसांनी आम्हांस ‘कौटुंबिक अर्थनियोजन’ असा भारदस्त विषय दिला होता. परंतु ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्या, त्याने एकदा तरी स्वतःची वही उघडून दाखवावी, असे वाटल्यावरून आम्ही आज घरचाच जमाखर्च आपणांपुढे ठेवीत आहोत.

साल १९८६. धाकट्या भगिनीचा विवाह त्याच वैशाखात झालेला, तेव्हा दिवाळसण आमच्याकडे. वडील निवर्तले होते, कर्ते आम्हीच. जावईबापूंनी काहीएक मागितले नव्हते. ते समोरच बसले आहेत, त्यांच्या समक्ष सांगतो. परंतु चुलत्यांकडे आदल्या वर्षी जावयास अंगठी झाली होती, आणि आपल्या मंडळींत कोणाकडे काय झाले याची नोंद आमच्या वह्यांहून चोख असते. अंगठी झाली. तिच्या मागोमाग सूट, साडी, विहिणीचा मान, नको नको म्हणताना चांदीची वाटीही. भाऊबीज आटोपली तेव्हा बोनस संपून सराफाचे ९००, कापडवाल्याचे ३५० आणि वाण्याचे २५०, असे १,५०० रुपये देणे उरले. आमचा महिन्याचा पगार त्याहून कमी होता. ऋण काढून सण करू नये, हे आपण सारेच जाणतो. पण ते वाक्य बहुधा दुसऱ्यास ऐकविण्याच्या उपयोगी पडते.

प्रथम काटकसर करून पाहिली. दूध कमी केले, ट्रामच्या काळातल्या माणसाप्रमाणे पायी चाललो. महिन्याकाठी साठ रुपयेही वाचेनात. मिळकत वाढविल्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या काळी पुष्कळ व्यापाऱ्यांचे हिशेबी वर्ष दिवाळीला संपत असे. पाडव्यास नव्या वहीची पूजा होई, परंतु जुन्या वर्षाचा ताळेबंद तसाच पडून राही आणि लिहिणारे हात हवे असत. (१९८९ पासून आयकराकरिता सर्वांचेच वर्ष ३१ मार्चला संपू लागले आणि ती धांदल उन्हाळ्याकडे सरकली.) आमच्या पेढीच्या मालकांची परवानगी घेऊन आम्ही मशीद बंदरातील दोन दुकानांच्या वह्या हाती घेतल्या. सायंकाळी साडेसहा ते नऊ. पौष संपेतो त्यांचे ७५० रुपये झाले.

आता आमच्या सौभाग्यवतींचा भाग. तोच अधिक सांगण्याजोगा आहे. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते, आणि पुढे नव्या सुनांची पहिली संक्रांत येते. काळ्या साडीवर हलव्याचे दागिने हवेत. मुकुट, तन्मणी, बाजूबंद, हार, असा एकेक संच साठ रुपयांना करून देण्याचे त्यांनी ठरविले. हलवा घरीच. पहाटेच्या गारठ्यात मंद शेगडीवर परात ठेवावयाची, तीळ व खसखस यांवर पळीभर पाक सोडावयाचा आणि बोटांनी हलवीत राहावयाचे. हवा दमट असली की काटा येत नाही, घाई केली तर गोळा होतो, आणि बोटांस चटके बसतात ते निराळेच. मग पुठ्ठा, जर आणि सुईदोरा. सहा संच झाले. पाचांचे ३०० रुपये हाती आले, साहित्याचा खर्च १३५, शिल्लक १६५. आम्ही हिशेबनीस खरे, परंतु श्रमांचे तास मांडण्याचे आम्हांस सुचले नाही. ते त्यांनीच भिंतीवरील कालनिर्णयावर टिपून ठेवले होते. ६६ तास. म्हणजे तासाला अडीच रुपये. दुसऱ्या वर्षी त्यांनी संचास नव्वद रुपये सांगितले आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याखेरीज सुईत दोरा ओवला नाही.

सहाव्या संचाची हकीकत सांगण्यासाठीच आम्ही आज उभे राहिलो आहोत. मातोश्रींचा एकच आग्रह होता: आपल्या माणसांस हे कळता कामा नये. म्हणून पहिल्या पाचही मागण्या शेजारपाजारच्या, ज्ञातीबाहेरच्या. सहावी मात्र नात्यातली. विश्वासात घेऊन सांगितलेली. तो संच घालून ती नवी सून आपल्या संघाच्याच हळदीकुंकवास आली. दागिन्यांची वाखाणणी झाली. ‘कोणी केले हो?’ असे कोणी विचारले, तेव्हा आमच्या मातोश्री म्हणाल्या, ‘दादरहून आणले असतील.’ आमच्या सौभाग्यवती शेजारीच वाण लुटीत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावरही नाही. त्या संचाचे पैसे आले नाहीत, कारण ‘घरचेच तर आहे’.

ज्या डोळ्यांना दिसावे म्हणून आम्ही अंगठी केली, त्याच डोळ्यांपासून ती अंगठी फेडणारे काम लपविले. मातोश्रींना आम्ही बोल लावीत नाही. त्यांना अब्रूची जी व्याख्या शिकविली गेली, ती याच सभागृहात शिकविली गेली, आणि आम्हीही ती मुकाट्याने मान्य केली होती.

१९५९ साली गिरगावातील सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. त्यांतूनच ‘लिज्जत’ उभी राहिली. ती गच्ची झाकलेली नव्हती, एवढेच आम्ही म्हणतो.

आजची अडचण थोडी वेगळी आहे. सराफ ओळखीचा होता, त्याने व्याज घेतले नाही. क्रेडिट कार्डाचे थकलेले बिल दरमहा साडेतीन टक्क्यांनी वाढू लागले तर वर्षाचे बेचाळीस टक्के होतात, आणि ‘किमान रक्कम’ भरणाऱ्यास आपण फेडतो आहोत असा भास तेवढा होतो. जोडधंदा करणाऱ्या तरुणांनीही नियम पाहावेत: सरकारी नोकरास परवानगी लागते, शाळेतील शिक्षकांस खासगी शिकवणी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वर्ज्य आहे, घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. आणि घरबसल्या काम देतो म्हणून जो आधी अनामत मागतो, तो काम देत नसतो. कोणी फसलेच, तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

आमचे देणे कसे फिटले ते राहिलेच. ७५० आणि १६५ मिळून ९१५ दिले. उरलेल्या ५८५ साठी एका दुकानाची वही दरमहा शंभरावर माघापासून आषाढापर्यंत चालविली. सराफाची शेवटची पावती आषाढातली आहे. त्या वर्षी दिवाळीला कोणास अंगठी झाली नाही आणि जावईबापू तरीही आले.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास सभागृहाच्या ओसरीवर चार टेबले मांडावीत, ज्या भगिनी व बंधू घरी काही करतात त्यांनी ते आपल्या नावानिशी व किमतीनिशी तेथे ठेवावे, आणि घेणाऱ्याने पैसे तेथेच मोजावेत, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे. पहिले टेबल आमच्या सौभाग्यवतींनी मागून ठेवले आहे.