बियांचं बचत खातं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयुष्यभर बँकेत लोकांच्या ठेवी सांभाळल्या, आता निवृत्तीनंतर बिया सांभाळतो. काम तेच, फक्त इथे व्याज जास्त मिळतं!

'बी' विंगच्या तळमजल्यावर श्रावणात फुलणारा भरगच्च पाकळ्यांचा गुलाबी तेरडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. तिथल्या काकूंनी त्याचं बी कोकणातून, माहेराहून रुमालाच्या गाठीत आणलं होतं. गेल्या वर्षी काकू मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या आणि कुंड्या शेजाऱ्यांना देऊन गेल्या. पण तेरडा म्हणजे मोगरा नव्हे. मोगरा फांदीवरून पुन्हा लावता येतो. तेरड्याचं झाड एका हंगामाचं, मागे उरतं ते फक्त बी. माझ्या माहितीप्रमाणे ते बी आज आपल्याकडे दोनच घरांत आहे. म्हणून हा विषय.

बी केव्हा काढायचं? मुदत पूर्ण झाल्यावर. हिरवं बी म्हणजे मुदतीआधी मोडलेली ठेव. झेंडूचं फूल झाडावरच पूर्ण वाळू द्या. गोकर्णाच्या शेंगा तपकिरी झाल्या की तोडा. गुलबक्षीचं बी मिऱ्यासारखं काळं झालं की घ्या. मात्र ते विषारी असतं, लहान मुलांपासून लांब ठेवा. तेरड्याचं बोंड पिकलं की बोट लागताच फुटतं आणि बिया उडतात. म्हणून ते फुगून फिकट झालं की त्यावर जुन्या पातळ साडीचा तुकडा सैलसर बांधा.

दसऱ्याच्या तोरणातला झेंडू बरेचदा संकरित असतो. त्याची रोपं येतात, पण फूल आईसारखंच येईल याची हमी नाही.

बियांचा खरा शत्रू ओल. आठवडाभर वर्तमानपत्रावर सावलीत वाळवा. कागदी पाकिटात भरून नाव, रंग आणि तारीख लिहा, कारण नोंद नसेल तर खातं कुणाचं ते कळत नाही. पाकिटं घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. तव्यावर भाजून गार केलेले मूठभर तांदूळ पुरचुंडीत बांधून त्यात टाका, ते ओल ओढून घेतात. पेरणीआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. सात-आठ रुजल्या तर उत्तम. दोन-तीनच रुजल्या, तर बाकीची कर्जं बुडीत धरा!

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणी जपली आणि गावोगावच्या बायकांना वाटली. सरकारने त्यांना पद्मश्री दिली. आपल्याला एवढं मोठं काम नको, आपल्या गॅलऱ्या पुरेत.

बँकेत आम्ही खातेदाराला आवर्जून सांगायचो, वारसाचं नाव लावा. बियांचंही तसंच. एका घरातलं बी त्या घराबरोबर जातं. दहा घरांतलं बी टिकतं. कमिटीने ऑफिसातल्या कपाटाचा एक खण यासाठी दिला आहे. नियम एकच: चिमूटभर न्या, हंगाम संपला की दोन चिमटी परत करा.

काकूंच्या तेरड्याची आठ पाकिटं मी आज बरोबर आणली आहेत. चहाच्या टेबलाजवळ ठेवतो. ज्यांच्या गॅलरीत सकाळचं ऊन येतं त्यांनी न्या, पहिल्या पावसात पेरा.