पडद्याची मांडणी आणि प्रेक्षकाचे स्वावलंबन



चित्रपट आणि मालिका इंटरनेटवरून घरोघरी पोहोचवणाऱ्या स्ट्रीमिंग अ‍ॅपची पुनर्रचना करताना रंग, चित्रे आणि हालचाल यांचा निर्णय आधी होतो आणि दिव्यांग प्रेक्षकांच्या सोयींचा विचार काम संपत आल्यावर होतो, असा या व्यवसायातील रूढ क्रम आहे. हा क्रम उलटा करावा, एवढेच अभिकल्पक व अभियंत्यांच्या या परिषदेपुढील प्रस्तुत भाषणाचे प्रतिपादन आहे. पडदा न दिसणाऱ्या, आवाज न ऐकू येणाऱ्या किंवा थरथरत्या हाताने रिमोट धरणाऱ्या प्रेक्षकाला घरातील कोणालाही हाक न मारता हवा तो कार्यक्रम लावता येतो का, हा प्रश्न पहिल्याच आराखड्यापाशी विचारला, तर त्याच्या उत्तरातून निघणारी मांडणी सर्वांनाच सुस्पष्ट वाटते. तो अखेरीस विचारला, तर बांधून झालेल्या इमारतीला उतार जोडताना होते तशी ओढाताण होते.

या क्षेत्राचा अलीकडचा इतिहास त्या ओढाताणीचाच आहे. अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ या संघटनेने नेटफ्लिक्सविरुद्ध दावा लावला, तेव्हा मॅसॅच्युसेट्समधील संघीय न्यायालयाने २०१२ साली असे मत दिले की १९९० चा दिव्यांगविषयक अमेरिकी कायदा केवळ इंटरनेटवर चालणाऱ्या सेवेलाही लागू होऊ शकतो, आणि त्याच वर्षीच्या तडजोडीत कंपनीने २०१४ पर्यंत सर्व कार्यक्रमांना कॅप्शन, म्हणजे संवादांबरोबरच दाराची थाप, पावलांचा आवाज, संगीताची चाहूल शब्दांत देणारी पट्टी, पुरवण्याचे मान्य केले. एप्रिल २०१५ मध्ये याच कंपनीने आणलेल्या ‘डेअरडेव्हिल’ मालिकेचा नायक दृष्टिहीन वकील असूनही मालिकेला ध्वनिवर्णन नव्हते. संवादांमधील मोकळ्या क्षणांत दृश्यातील हालचाल, हावभाव आणि स्थळ सांगणारे निवेदन म्हणजे ध्वनिवर्णन. दृष्टिहीन प्रेक्षकांनी आग्रह धरल्यावर ते काही दिवसांतच देण्यात आले. भारतात जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’ या चित्रपटाच्या निर्मात्यांना ओटीटीवरील, म्हणजे स्ट्रीमिंग सेवेवरील, प्रदर्शनासाठी ध्वनिवर्णन आणि उपशीर्षके तयार करण्यास सांगितले. या तिन्ही प्रसंगी प्रेक्षकांनी मागावे आणि मग सेवा देणाऱ्यांनी द्यावे, असेच घडले, आणि तिन्ही प्रसंगी प्रश्न होता तो आशयाचा. परंतु ध्वनिवर्णन ध्वनिमुद्रित झाले, म्हणून ते प्रेक्षकाच्या कानी पडतेच असे नाही. त्याच्यापर्यंत नेणारी वाट पडद्यावर असावी लागते.

ती वाट कशी हरवते, हे नेहमीच्या मांडणीत सहज दिसते. पुष्कळ अ‍ॅपांत ध्वनिवर्णन स्वतंत्र सोय म्हणून दिसत नाही. ते भाषांच्या यादीत एक ध्वनिपट्टी म्हणून नोंदलेले असते, ती यादी नाव न दिलेल्या एका चिन्हामागे असते, आणि ते चिन्ह चित्रपट सुरू झाल्यावर काही सेकंदांतच लुप्त होणाऱ्या पट्टीवर असते. फोनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर यांसारखे स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती एकेका घटकावरून बोट सरकवत पुढे जात असते. ती त्या चिन्हाशी पोहोचेपर्यंत पट्टी नाहीशी झालेली असते, आणि पोहोचलीच तर नाव न दिलेल्या चिन्हापाशी ‘बटन’ एवढाच शब्द ऐकू येतो. चिन्हाला नाव देणे, स्क्रीन रीडर चालू असेतोवर पट्टी न मिटवणे आणि ध्वनिवर्णनाची आवड एकदा नोंदवली की ती पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला लागू करणे, ही तिन्ही कामे अल्प खर्चाची आहेत, आणि ती टाळण्याला तांत्रिक सबब सापडत नाही.

मुख्य पानाची अडचण अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तेथे कंपनीचा हेतू आणि प्रेक्षकाची सोय यांची दिशा वेगळी होते. दूरचित्रवाणी संचावर रिमोटच्या चार दिशांच्या कळा आणि मधली होकाराची कळ यांनीच सारा व्यवहार करायचा असल्याने या क्षणी कोणता घटक निवडला गेला आहे, म्हणजे फोकस कुठे आहे, हे कळणे हाच सगळ्याचा पाया ठरतो. तरीही निवडलेले चित्र किंचित मोठे करून दाखवण्यावर अनेक मांडण्या भागवतात, आणि अधू दृष्टीच्या माणसाला तो फरक जाणवत नाही. चित्राभोवती ठळक चौकट हवी, आणि कार्यक्रमाचे नाव पोस्टरच्या रेखाटनात विरघळलेले असले, तरी स्क्रीन रीडरसाठी ते मजकूर म्हणूनही द्यायला हवे. आपोआप वाजू लागणाऱ्या झलकीचा उपद्रव तर दुहेरी आहे: ज्याला शांतपणे निवड करायची आहे त्याचे लक्ष ती विचलित करते, आणि स्क्रीन रीडर ऐकणाऱ्याच्या कानातला मार्गदर्शक आवाजच बुडवून टाकते. तीन सेकंदांहून अधिक काळ आपोआप वाजणारा आवाज थांबवण्याची सोय असावी, असे वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, ते याच कारणासाठी. नेटफ्लिक्सने झलक बंद करण्याचा पर्याय फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. तो सेटिंगमध्ये शोधत बसावे लागू नये, पहिल्याच वापराच्या वेळी विचारला जावा, असे या परिषदेने ठामपणे म्हटले पाहिजे.

वेबच्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातील प्रमाण किमान ४.५ : १ असावे, तर मोठ्या अक्षरांना ३ : १ पुरते; ऑक्टोबर २०२३ मधील त्यांच्या २.२ या आवृत्तीने स्पर्शाच्या जागेला २४ गुणिले २४ पिक्सेलांची किमान मर्यादाही घातली. काळ्या पडद्यावर गडद करड्या, बारीक अक्षरांत कथासार लिहिण्याची प्रथा या कसोटीला बहुधा उतरत नाही.

मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत या प्रश्नाला लिपीची एक बाजू आहे. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या बटनात देवनागरी मजकूर बसवला की वरची वेलांटी, रफार आणि अनुस्वार कापले जातात आणि खालचा उकार पुढच्या ओळीला चिकटतो. लांब नाव ठरावीक वर्णसंख्येवर तोडले, तर जोडाक्षर मधोमध तुटून सुटा हलन्त मागे राहतो. त्यासाठी ओळीची उंची वाढवणे आणि नाव अक्षरसमूहाच्या सीमेवर तोडणे एवढेच करावे लागते. त्याहून सूक्ष्म दोष ऐकण्यात आहे. मजकूर मराठी असल्याची खूण प्रणालीत केलेली नसेल, तर स्क्रीन रीडर तो हिंदी आवाजात वाचू शकतो, आणि मग ‘चाक’ व ‘चार’ यांतील ‘च’चा भेद पुसून साऱ्या वाक्याला परकेपण येते; दृष्टिहीन मराठी वाचकाला हा त्रास रोजचा आहे. भाषेचाच विचार करता, कॅप्शन केवळ कर्णबधिरांसाठी असतात हा समजही भारतात टिकत नाही, कारण गाण्यांखाली त्याच भाषेतील शब्द दाखवून नवसाक्षरांचे वाचन सुधारण्याची कल्पना अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून मांडली आणि दूरचित्रवाणीवर ती प्रत्यक्षातही आली.

कायद्याची भूमी आता पुरेशी भक्कम आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांना ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन यांची जोड देण्याचे म्हटले आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ओळख पडताळणीच्या ऑनलाइन प्रक्रियेसंबंधीच्या प्रकरणात का होईना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले.

पुनर्रचनेचा एक धोका मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. पडदा न पाहता अ‍ॅप वापरणारी व्यक्ती त्याची मांडणी हाताने पाठ करते: दोनदा खाली, तीनदा उजवीकडे, मग होकाराची कळ. ओळींचा क्रम बदलला, मध्ये नवी जाहिरातपट्टी आली, की हे पाठांतर एका रात्रीत निरुपयोगी होते, आणि डोळस वापरकर्त्याला ताजेपणा वाटणारा बदल दुसऱ्याला पुन्हा घरच्यांवर अवलंबून राहायला लावतो. म्हणून घटकांचा वाचनक्रम आधी निश्चित करून तो शक्यतो स्थिर ठेवावा, शोध आणि ‘पाहणे पुढे चालू ठेवा’ ही ओळ यांच्या जागा कधीही हलवू नयेत, बदल टप्प्याटप्प्याने आणि पूर्वसूचनेसह आणावेत, आणि नवी मांडणी सर्वांसाठी खुली करण्यापूर्वी स्क्रीन रीडर, केवळ रिमोट किंवा मोठी अक्षरे यांवर रोज विसंबणाऱ्या प्रेक्षकांना मोबदला देऊन ती तपासून घ्यावी. तसेच त्यांनी दाखवलेले दोष दूर होईपर्यंत प्रकाशनाची तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार अभिकल्पकाच्या हाती असावा, हा ठराव या परिषदेच्या विचारार्थ ठेवण्यात येत आहे.