तूट म्हणजे चोरी नव्हे



आज ज्या देशाची गोष्ट सांगायची आहे, त्याचे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. संकोच करू नका. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांच्या संसदेत उभे राहून सांगितले, की हे नाव कुणी ऐकलेलेच नाही. आणि महिनाभरात, २ एप्रिलला, त्याच देशाच्या मालावर त्यांनी ५० टक्के आयात शुल्क जाहीर केले. चीनलाही त्या दिवशी इतके लावले नव्हते.

देशाचे नाव लेसोथो. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका, मधे हा डोंगराळ तुकडा. वस्ती सुमारे तेवीस लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याएवढी. शेतात मका आणि ज्वारी. होय, ज्वारीच. अमेरिकेने २००० साली आफ्रिकी देशांच्या मालाला बिनशुल्क वाट देणारा कायदा केला, तेव्हापासून तिथे जीन पँट शिवणारे कारखाने वाढले. कामावर बहुतेक बाया. त्यांच्या पगारावर गावाकडची चूल पेटते.

आता हे ५० टक्के आले कुठून? हिशेब सोपा आहे, बोटांवर करा. २०२४ साली अमेरिकेने लेसोथोकडून सुमारे २३ कोटी ७३ लाख डॉलरचा माल घेतला. लेसोथोने अमेरिकेकडून घेतला जेमतेम २८ लाखांचा. फरक २३ कोटी ४५ लाख. या फरकाला २३ कोटी ७३ लाखांनी भागले, आले ९९ टक्के. मग तक्त्यात लिहिले, की शुल्क आणि इतर अडथळे मिळून लेसोथो आमच्यावर ९९ टक्के लादतो. त्याचे निम्मे केले, ५० टक्के. लेसोथो खरोखर किती शुल्क घेतो, हे या गणितात कुठेच नाही!

मी किराणा दुकानातून वर्षाला वीस हजारांचा माल घेतो. दुकानदार माझ्याकडून काडी घेत नाही. म्हणजे त्याने मला वीस हजारांना लुटले काय? माझा कापूस व्यापारी घेतो, मला काही विकत नाही. मग मी त्याला लुटतो काय? (खरा लुटतो कोण, तो विषय आज नको.) शिवणकाम करून पोट भरणारी बाई अमेरिकेचे विमान किंवा यंत्र विकत घेणार कशी? गरिबाकडे खरेदीला पैसा नसतो, म्हणून तूट दिसते.

आणि शुल्क भरतो कोण? लेसोथोचे सरकार भरत नाही. अमेरिकेत माल उतरवून घेणारा भरतो. पण तो कारखान्याला सांगतो, भाव पाड, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देतो. आठवडाभरात ५० टक्क्यांना स्थगिती मिळाली, तोवर १० टक्के राहिले, ३१ जुलैला १५ टक्के ठरले. पण दर काय होणार हे कळेपर्यंत कोण ऑर्डर देतो? जुलै २०२५ मध्ये लेसोथोच्या सरकारला बेरोजगारीपायी आपत्ती जाहीर करावी लागली.

आपण हसू नये. त्याच गणिताने भारताला २६ टक्के आले होते. पुढे रशियाच्या तेलाचे निमित्त धरून २७ ऑगस्ट २०२५ पासून ते ५० टक्के झाले. भारत लेसोथो नव्हे, तरी झाले. कपड्याच्या निर्यातीला धक्का बसणार हे दिसताच दिल्लीने काय केले? १९ ऑगस्टलाच कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली वेचणी सुरू होऊन कापूस बाजारात येतो, नेमके तेच महिने. वॉशिंग्टनने गिरणीला मारले, गिरणीचा भार कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर टाकला. गिरणी जगावी, आमचे काही म्हणणे नाही. पण तिला मदत द्यायची ती सरकारी तिजोरीतून द्यायची की माझ्या कापसाच्या भावातून?

त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये होता. पुढच्या बैठकीला येताना ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ मधल्या विक्रीच्या पावत्या घेऊन या. खेडा खरेदीच्या चिठ्ठ्या असतील तर त्याही. आपण बसून बेरीज करू.