लेकराचे पडसे आणि एक मिनिट
(परभणी येथील वैद्यकीय परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या या काळ्या मातीच्या मुलखात मी जो विषय मांडणार आहे, तो इतका नित्याचा आहे की, परिषदांच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला सहसा जागा मिळत नाही. तो विषय म्हणजे लहान मुलाचे पडसे.

या पडशाचा मुख्य कर्ता जो ऱ्हायनोव्हायरस, तो १९५६ साली उजेडात आला. त्याचे दीडशेहून अधिक प्रकार आज ज्ञात असून, एकाविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यापुढे फारशी टिकत नसल्याने, निरोगी लेकरूही वर्षातून सहा-आठ वेळा पडशाने बेजार होते. प्रतिजैविकांचा विषाणूंवर काडीमात्र अंमल चालत नाही, हे आपण सारे जाणतो. तरीही गंगाखेड-जिंतूरला बाजाराच्या दिवशी दवाखाना माणसांनी भरलेला असताना, "डॉक्टरसाहेब, प्यायचं औषध तरी लिहून द्या" या विनवणीपुढे आपली लेखणी नमते. २०२५ साली छिंदवाडा जिल्ह्यातील कितीतरी बालके खोकल्याच्या औषधात मिसळलेल्या डायएथिलीन ग्लायकॉलने मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, आणि त्यांतील अनेकांना उपचारांसाठी आपल्याच नागपुरात आणले होते. ज्या दुखण्याला बहुधा औषधाची गरजच नसते, त्याच्या औषधाने मूल जावे, याहून दारुण प्रसंग आपल्या व्यवसायात मला दुसरा दिसत नाही. दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत, हा केंद्र सरकारचा सल्ला त्यानंतरचा आहे.

परंतु सारेच विषाणू सौम्य नसतात. रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस तान्ह्या अर्भकाच्या सूक्ष्म श्वासनलिका सुजवितो, आणि आजी म्हणते, "पोट उडतंय." त्या आजीचे निरीक्षण बहुतेक वेळा बिनचूक असते, उणीव असते ती मोजदादीची. दोन महिन्यांखाली मिनिटाला साठ, वर्षापर्यंत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस श्वास, ही न्यूमोनियाच्या धोक्याची सीमा होय. आणि ती ओळखण्यास साक्षरताही लागत नाही, हे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिले आहे. तेथील निरक्षर दाईच्या हाती वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मण्यांची चौकट असे. दर दहा श्वासांना ती एक मणी सरकवी, आणि मिनिट सरण्याआधी धोक्याच्या सीमेचा लाल मणी सरकला की न्यूमोनियाचे औषध सुरू करी. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती धुराची. पऱ्हाट्यांनी पेटलेल्या चुलीशेजारी बाळंतिणीची बाज असते, त्यात ओव्याची धुरी, आणि तोच धूर बाळाच्या सुजलेल्या छातीचे भाते रात्रभर ओढीत राहतात. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या कोपीत तर चूल आणि अंथरूण यांत हातभराचेही अंतर नसते.

म्हणून माझी सूचना अशी की, खोकल्याने आजारी प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर वजनाच्या शेजारी श्वासांचा आकडा, आईसमोर पूर्ण मिनिट मोजून, लिहिला जावा. तो सीमेखाली असून छातीही आत ओढली जात नसेल, तर अंगावरचे दूध, ऊब आणि पुन्हा केव्हा यावे याची ताकीद, एवढ्यावरच तिची बोळवण करण्याचे धैर्य आपण दाखवावे. आणि ऊसतोडीला निघण्यापूर्वी प्रत्येक आईला हे मोजणे शिकवावे. या आशयाचा ठराव मी दुपारच्या बैठकीपुढे ठेवीत आहे.